वहान

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली चोवीस नालासोपारा पश्चिमेच्या शाळेत. गास आणि वटार गावांतली मुलं माझ्या वर्गात असायची. ती 'पानी' लिहायची, 'कोन' लिहायची आणि दिवाळीचा 'सन' साजरा करायची. मी लाल पेनाने न खोडून वर ण काढायची. एका मुलाच्या निबंधात एकदा इतके ण काढले की तो निबंध त्याच्यापेक्षा माझाच जास्त झाला. त्या मुलाचं नाव अल्पेश. तोच पुढे माझा जावई झाला.

आम्ही विरारला सातव्या मजल्यावर राहतो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा सदानंद आणि लग्न होईपर्यंत आमची मुलगी स्वप्ना. नवऱ्याला मी नावाने हाक मारते. आमच्या घरातल्या आधुनिकपणाची सुरुवात तिथून होते, आणि पुष्कळदा तिथेच संपते. सदानंद सरकारी नियोजन खात्यातून निवृत्त झाला. तिथे त्याने आयुष्यभर रस्त्यांवर टिपणं लिहिली. रस्ता आला की शाळा येते, शाळा आली की विचार येतो, विचार आला की जुन्या रूढी जातात, हे तो जेवताना सांगायचा. गासवरून जाणाऱ्या नव्या रुंद रस्त्याचं एक टिपण त्याच्याच हातचं होतं. टिपण लिहिताना तो गासला एकदाही गेला नव्हता. नकाशा चांगला होता, असं म्हणतो.

स्वप्ना आणि अल्पेश अंधेरीच्या एकाच कंपनीत कामाला. दोघांनी लग्न करायचं ठरवलं तेव्हा आम्ही लगेच हो म्हटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि सदानंदला आपण किती पुढारलेले आहोत हे सगळ्या सोसायटीला सांगायला विषय मिळाला. स्वप्नाने मात्र पहिल्याच दिवशी आम्हाला दोघांना समोर बसवलं.

"देणंघेणं काही होणार नाही," ती म्हणाली. "त्यांच्याकडून एका चमच्याचीही मागणी आली, तर मी मांडवातून उठून घरी येईन. अल्पेशलाही सांगितलंय. तो हो म्हणालाय."

"मागणी येणारच नाही," सदानंद म्हणाला.

"आली तर लपवू नका."

ती बोलते तसं करते, हे आम्हाला ठाऊक होतं. दहावीला तिने गणिताचा पेपर अर्धवट टाकला होता, कारण पर्यवेक्षक पुढच्या बाकावर उत्तरं सांगत होते. आम्ही दोघांनी मान डोलावली.

अल्पेशचे वडील धर्मा आणि आई रंभा गासला राहतात. त्यांची सोनचाफ्याची आणि पानवेलीची वाडी आहे. रंभाताई पहाटे कळ्या खुडतात, त्या सकाळी दादरला पोचतात. अल्पेशची धाकटी बहीण रीमा तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. लग्न कुठे करायचं यावरच पहिला गोंधळ झाला. रंभाताईंना विरारचा लिफ्टवाला एसी हॉल हवा होता. स्वप्नाला त्यांच्या अंगणात, आंब्याच्या डहाळ्यांच्या मांडवात लग्न हवं होतं, कारण तिने तसे फोटो पाहिले होते. रंभाताई म्हणाल्या, "आमी जलमभर या अंगनात बसलो, आता एक दिवस गारव्यात बसू की." शेवटी अंगण ठरलं आणि त्यांच्या समाधानासाठी वर ड्रोन फिरवायचं ठरलं.

लग्नाला महिना उरला होता तेव्हा रंभाताईंचा फोन आला. मी एकटीच घरी होते.

"बाई, एक बोलायचं होतं. राग नका मानू."

"बोला ना, रंभाताई."

"आमच्यात जावयाला सासऱ्यानं वहान द्यायची रीत हाय. बाकी आमाला काय नको. सोनं नको, भांडी नको. पन तेवढं चुकवू नका. आमचे सासरे बोलायचे, वहान नाय तं लगीन नाय."

गावाकडे 'वाहना'ला 'वहान' म्हणणारी माणसं मी पुष्कळ ऐकली होती. मनातल्या मनात लाल पेन बाहेर निघालं, काना इकडून उचलला, तिकडे ठेवला. वाहन. अर्थ स्वच्छ झाला.

"कसली द्यायची?" मी विचारलं.

"साधीच बगा. भपका नको. पन नवी पायजे, वापरलेली नाय चालनार. काळी नको, शुभकार्य हाय. चामड्याची असली तं बरी."

"बरं."

"आनि आठ नंबर. दुसरा नंबर त्याला लागत नाय. साहेबानी सोता द्यायची, मांडवाच्या तोंडाशी, सगळ्यांदेखत."

फोन ठेवल्यावर मी मागण्या बोटांवर मोजल्या. काळी नको, सीट चामड्याच्या हव्यात, नंबर आठ हवा. आणि वर म्हणे भपका नको! मला संताप आला, आणि खोटं कशाला बोलू, त्या संतापात थोडं समाधानही होतं. कारण मी मनातून हेच धरून चालले होते. रस्त्यात जमीन गेली, मोबदला आला की गावातली माणसं अशीच होतात, असं मी स्टाफरूममध्ये कितीदा बोलले होते. धर्मादादांची जमीन अजून रस्त्यात गेलीही नव्हती, फक्त मोजणी झाली होती, पण एवढ्या तपशिलात कोण शिरतं?

सदानंद संध्याकाळी घरी आला. मी सगळं शब्दशः सांगितलं. म्हणजे माझ्या शब्दांत सांगितलं.

तो आधी लाल झाला, मग पांढरा झाला. "हुंडा!" तो म्हणाला. "विसाव्या शतकात मी हुंड्याविरुद्ध पथनाट्य केलंय!"

"हळू बोल. स्वप्ना येईल."

"सांगू या तिला. तिनेच सांगितलंय, लपवू नका."

"सांग. आणि मग पत्रिका परत गोळा कर. तुझ्या सोसायटीपासून सुरुवात कर."

पोरीला अल्पेश किती आवडतो हे आम्ही दोघं बघत होतो. तो फोनवर असला की ती स्वयंपाकघरात उगाच डबे उघडून बंद करत हिंडायची. तिला आम्हीच सांगायचं की तुझ्या माणसाच्या आईने गाडी मागितली? माझ्याने ते होईना. सदानंदने रात्रभर विचार केला आणि सकाळी चहाबरोबर निर्णय दिला.

"हे बघ, लतिका, याच्याकडे हुंडा म्हणून बघायचं नाही. मुलीला गासहून अंधेरीला जायचंय. आपण मुलीची दळणवळणाची सोय करतोय."

अशी टिपणं लिहूनच तो निवृत्त झाला होता.

गाडी आली. पांढरी, चामड्याच्या सीटची, आणि ओळखीपाळखीने शेवटी आठ आकडा असलेल्या नंबराची. शेजारच्या इमारतीत कव्हर घालून तिला तीन आठवडे लपवली. दर रविवारी सदानंद भाजी आणायला म्हणून जायचा आणि तिचं तोंड पुसून यायचा. मागणीबद्दल रंभाताईंशी पुन्हा बोलायची मला इच्छा नव्हती. एकदा त्यांनीच फोनवर विचारलं, "वहान घेतली का बाई?" मी तुटकपणे म्हटलं, "घेतली." त्या म्हणाल्या, "मंग झालं. मोठं काम झालं." हे बाकी खरं होतं.

लग्न मे महिन्यात, दुपारी बारा पस्तीसच्या मुहूर्तावर होतं. त्यांच्याकडे नवरदेव आधी गावातल्या देवळात पाया पडायला जातो आणि तिथून अनवाणी मांडवापर्यंत चालत येतो. पूर्वी त्या वाटेवर दोन्ही बाजूंना झाडं होती आणि पायाखाली वाळू होती. आता झाडं रुंदीकरणात गेली होती आणि वाळूच्या जागी कोणाच्या तरी विकासनिधीतून लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसले होते. अल्पेश आला तो शेवटचे वीस फूट जवळजवळ धावतच आला. बँडवाल्यांना वाटलं तो नाचतोय, त्यांनी ताल वाढवला.

मांडवाच्या तोंडाशी रंभाताई तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला खूण केली, मी जावयाच्या पायांवर पाणी घातलं. वाफ आली नाही एवढंच. अल्पेश एक पाय उचलून उभा राहिला, मग दुसरा. सगळे वाट बघत होते. मांडवात स्वप्ना खुर्चीवरून वाकून बघत होती. वर ड्रोन घोंगावत होता.

"साहेब, वहान," धर्मादादा हळूच म्हणाले.

सदानंदने कोटाच्या खिशातून लाल रिबीन बांधलेली किल्ली काढली आणि अल्पेशच्या हातात ठेवली.

अल्पेशने किल्लीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"वहान कुठाय?" रंभाताईंनी विचारलं.

"ती काय, बाहेर उभी आहे," सदानंद म्हणाला आणि त्याने हात केला. वाडीच्या फाटकाजवळ, झेंडूच्या माळा घातलेली, पांढरी गाडी उभी होती.

सगळ्यांनी माना वळवल्या. रंभाताईंनी वळवली नाही. त्या लेकाच्या लाल झालेल्या तळव्यांकडे बघत पुन्हा म्हणाल्या, "आवो, पायात घालायची! त्याचे पाय भाजतात."

मी चोवीस वर्षं त्या गावांतल्या मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. एका न चा ण करायचा, बास, तेवढंच काम होतं. वहाण. चामड्याची वहाण. काळी नको, नवी हवी, आठ नंबरची. मी ण करायच्या ऐवजी काना हलवला होता. आणि 'द्यायची' हे रीतीला लागलं होतं, म्हणून व्याकरणानेही मला अडवलं नाही. नंतर 'नवी', 'काळी' आली तेव्हा मी ती गाडीला लावून मोकळी झाले. वर्गात कोणी एवढी घोडचूक केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

शेजारच्या वाडीचे व्हिन्सेंट तेवढ्यात उठले. सदानंदच्या पायात नव्या मोजड्या होत्या, पण त्या सात नंबरच्या. व्हिन्सेंटनी "आठ ना?" एवढंच विचारलं आणि स्कूटर काढून सोपाऱ्याकडे पळाले. बाकी सगळा मांडव गाडीकडे गेला. पोरं काचेला नाक लावून आत बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, "सासऱ्यानं गाडी दिली!" कोणीतरी म्हणालं, "विरारचे लोक हायेत बाबा."

स्वप्ना खुर्चीवरून उठली. मुंडावळ्या बाजूला सारत ती सरळ माझ्यापर्यंत आली.

"आई, ही कोणी मागितली?"

रंभाताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं. अल्पेशचा चेहरा उतरला होता, तो आईकडे बघत होता. सदानंद माझ्याकडे बघत होता. खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. यांनी चप्पल मागितली, मी मराठीची बाई असून मला ते कळलं नाही. सगळा मांडव हसला असता, रंभाताई सगळ्यांत जास्त हसल्या असत्या, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात त्यांनी माझी गोष्ट सांगितली असती. पण त्या मांडवात माझे दोन मुख्याध्यापक बसले होते. माझे शेकडो ण तिथे जेवायला आले होते. शिवाय मग हेही सांगावं लागलं असतं की यांना लोभी समजून आम्ही तीन आठवडे गाडी लपवली आणि तुलाही सांगितलं नाही.

"कोणीच नाही," मी म्हटलं. "आमची हौस."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

स्वप्नाने मुंडावळ्या पुन्हा सरळ केल्या. तिला ते आवडलं नव्हतं, पण हौस ही मागणी नव्हती. तेवढ्यात व्हिन्सेंट परतले. रबरी सोलची तपकिरी चप्पल, खोक्यावर किमतीचं लेबल तसंच. सदानंदने खाली बसून ती जावयाच्या पायात घातली. मुहूर्ताला सात मिनिटं उशीर झाला. अक्षता पडल्या.

गाडी परत करायचं मी दुसऱ्याच दिवशी सुचवलं. रंभाताई म्हणाल्या, "आता परत नेली तं लोक बोलतील, पोरात काय खोट निगाली." मग गाडी राहिली. वाडीत ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून धर्मादादांनी फाटकाजवळची सोनचाफ्याची दोन झाडं तोडून वर पत्रा टाकला. झाडं रंभाताईंच्या सासूने लावलेली होती. त्याबद्दल त्या मला काही बोलल्या नाहीत. स्वप्ना आणि अल्पेश अंधेरीला ट्रेननेच जातात, कारण सदानंदच्या रस्त्यावर सकाळी गाडी हलत नाही.

पुढच्या हंगामात गासला तीन लग्नं झाली. पहिल्यात सासऱ्याने स्कूटर दिली. दुसऱ्यात मोटरसायकल. तिसऱ्यात गाडी. तिन्ही मांडवांच्या तोंडाशी किल्लीला लाल रिबीन होती. आम्हाला तिन्ही ठिकाणी मानाने पुढे बसवलं. सदानंद म्हणाला, "बघ, रूढी कशा बदलतात." तो खूश होऊन म्हणाला की घाबरून, मला कळलं नाही.

यंदा मार्गशीर्षात रीमाचं जमायला आलं. मुलगा वटारचा, बँकेत. रीमा आता नर्स आहे, रात्रपाळ्या करते, घरात सगळ्यांत कमी बोलते. बोलणीला रंभाताईंनी मला मुद्दाम बोलावलं. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी बसा बाजूला, मंग ते नीट बोलतील," असं म्हणाल्या. मी बसले. चहा झाला, मुलाच्या वडिलांनी रीमाच्या नोकरीचं कौतुक केलं. माणूस सभ्य होता. कुठल्याशा कार्यालयात हेडक्लार्क, वटारच्या वाचनालयाचा अध्यक्ष.

"आमची मागणी काही नाही," ते म्हणाले. "सोनं नको, भांडी नको. तुमच्या गावात जी रीत आहे तेवढी पाळा म्हणजे झालं."

धर्मादादा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर उरलेली पानवेल होती. मोजणीचे दगड अर्ध्या वाडीतून गेले होते, आणि उरलेल्या अर्ध्या भागासाठी एक बिल्डर दोनदा येऊन गेला होता. धर्मादादांनी त्याला दोन्ही वेळा चहा देऊन परत पाठवलं होतं. रंभाताई माझ्याकडे बघत होत्या. दाराशी रीमा रिकामा ट्रे घेऊन उभी होती, तीही माझ्याकडेच बघत होती.

मी उठले. दीड वर्ष घशात अडकलेलं बाहेर काढलं.

"ती रीत चपलांची आहे," मी म्हटलं. "वहाण. ण आहे त्यात, बाणातला ण. रंभाताईंनी माझ्याकडे चप्पल मागितली होती आणि मी ऐकताना चुकले. हौसबीस काही नव्हती. मी मांडवात खोटं बोलले. या गावात गाडी द्यायची रीत कधीच नव्हती, ती माझी चूक आहे."

रंभाताईंचं तोंड उघडं राहिलं. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं, फोन कळला, आठ नंबर कळला, तोडलेला चाफा कळला. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला.

मुलाचे वडील मात्र मोकळेपणाने हसले.

"बाई, तुमची विनोदबुद्धी ऐकून होतो," ते म्हणाले. "पण तीन लग्नांना मी स्वतः हजर होतो. चप्पल कोण देतं हो आजकाल?" मग ते धर्मादादांकडे वळले, हात जोडले, आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "साधंच द्या. भपका नको. पण सगळ्यांदेखत, मांडवाच्या तोंडाशी. वाहन."

काना जिथल्या तिथे होता. न दंत्यच होता, आणि तो बरोबर होता. शब्द इतका शुद्ध होता की मला त्यात खोडायला काहीच सापडलं नाही.

"बिल्डरचा नंबर हाय का गं तुज्याकडं?" धर्मादादांनी रीमाला विचारलं.